प्लंबरमधला ‘ब’ कुठून आला?

तू विचारलंस, स्पेलिंगमध्ये ‘बी’ आहे तर इंग्रजी बोलणारे ‘प्लमर’ का म्हणतात, आणि भिंत किंवा पाइप सरळ उभा आहे का ते बघायच्या ओळंब्याला ‘प्लंब बॉब’ का म्हणतात. दोन्हीचं उत्तर एकच आहे, शिसं.

लॅटिनमध्ये शिशाला ‘प्लंबम’ म्हणतात. रसायनशास्त्रात शिशाची खूण ‘पीबी’ आहे, तीही तिथूनच. रोमन लोक शिशाचा पत्रा वळवून पाण्याचे नळ करायचे. त्यांचा एक हिशेब मला फार आवडतो: नळाचं माप गोल केल्यावरच्या व्यासावर नसायचं, सपाट पत्र्याच्या रुंदीवर असायचं. वास्तुकार विट्रुव्हियसने हे लिहून ठेवलंय. शिशापेक्षा मातीच्या नळाचं पाणी आरोग्याला चांगलं, हेही त्यानेच लिहिलंय, शिसं ओतणाऱ्या कारागिरांचे फिकट चेहरे बघून.

‘प्लंबम’वरून आलेला ‘प्लंबर’ हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्लंडला पोचला तेव्हा त्यातला ‘ब’ उच्चारातून गळालेला होता. पुढे विद्वानांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून तो लिहिण्यात परत आणला, जिभेवर मात्र आला नाही. तिथला जुना प्लंबर नळाइतकाच चर्चच्या छपरावर शिशाचे पत्रे बसवायचा.

आता प्लंब बॉब. दोरीला बांधायला लहान आणि जड वजन हवं, ते शिशाचं असायचं. इंग्रजीने त्याला धातूचं नाव दिलं. आपला ‘ओळंबा’ संस्कृत ‘अवलंब’वरून आला, म्हणजे लोंबण्यावरून. साइटवर सुपरवायझर ‘पाइप प्लंबमध्ये नाही’ म्हणाला, तर पाइप ओळंब्यात नाही, म्हणजे सरळ उभा नाही, एवढंच समजायचं. तुंबलेलं बेसिन मोकळं करायचा ‘प्लंजर’ हा शब्दही याच ‘प्लंबम’च्या कुळातला.

मी शिकत होतो तेव्हा बिडाच्या ड्रेनेज पाइपचे जॉइंट शिशाचेच असायचे. सॉकेटमध्ये, म्हणजे पाइपच्या रुंद तोंडात, ताग ठोकायचा, वर वितळलेलं शिसं ओतायचं, गार झालं की छिन्नीने ठासायचं. शिसं ३२७ अंशांना वितळतं. सॉकेटमध्ये पाण्याचा थेंब जरी राहिला तर ते उसळून तोंडावर येतं. जुन्या इमारतीत असा जॉइंट उघडायची वेळ आली तर धूर श्वासात घेऊ नकोस आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडू नकोस.

आखातातल्या मुलाखतीत ‘प्लमर’ म्हण. इथे साइटवर ‘प्लंबर’च म्हण, सगळे तसंच म्हणतात.