घनतेचे आकडे वाचताना

समुद्राच्या पाण्याची घनता नव्याने अभ्यासत असाल, तर केवळ तापमानावर विसंबू नका. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी पृष्ठभागावर पसरते आणि हिवाळ्यात तो थर खालच्या पाण्याहून थंड झाला, तरी क्षारता कमी असल्यामुळे वरच राहतो. उत्तर अरबी समुद्रात मात्र बाष्पीभवनाने खारट झालेले पाणी हिवाळ्यात थंड होऊन खाली बसते. नोंदवहीत घनमीटरला १०२२ आणि १०२५ किलोग्रॅम हे आकडे सारखेच भासतात, म्हणून १००० वजा करून २२ आणि २५ असे लिहावे, म्हणजे फरक चटकन डोळ्यांत भरतो. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, हा शाळेतला नियम इथे विसरा: क्षारता हजारी २५च्या (किलोभर पाण्यात २५ ग्रॅम क्षार) वर असली, की थंड होणारे पाणी गोठेपर्यंत जडच होत जाते.