रात्री साडेनऊचं इंजेक्शन

ताई, मला आठवा महिना चालू आहे. पहिलं बाळंतपण, म्हणून येत्या रविवारी पुण्याहून माहेरी बार्शीला जाणार आहे. कळांची मला फार भीती वाटते. कमरेत इंजेक्शन देऊन कळा कमी करतात, ते एपिड्युरल घ्यावं असं मनात आहे. सासूबाई म्हणतात, "आम्ही काय दगडाच्या होतो? कळा सोसल्याशिवाय का कोणी आई होतं?" नणंद म्हणते, कमरेत सुई घेतली की कंबर जन्माची जाते. आई म्हणते, "घे बाई, कशाला हाल करून घेतेस." मिस्टर फार चांगले आहेत. आधी दोनदा गर्भपात झाला म्हणून या वेळी दुसऱ्या महिन्यापासून रोज पोटात इंजेक्शन चालू आहे, तेही रात्री साडेनऊला तेच न चुकता देतात. पण या विषयात "तुम्ही बायका ठरवा" म्हणून बाजूला होतात. मी खरंच नाजूक आहे का? सगळ्यांचं मन राखून काय ठरवू?
— गोंधळलेली, पुणे

अगं मुली,

सासूबाई, नणंद आणि आई, तिघींचं म्हणणं तू शब्दन् शब्द लिहिलंस. आणि ज्या गोष्टीवर सगळं अडलेलं आहे, ती नवऱ्याच्या कौतुकात एका ओळीत उरकलीस. ते पोटातलं इंजेक्शन.

गर्भपातांनंतर रोज पोटाच्या कातडीखाली देतात ते बहुतेक वेळा रक्त पातळ ठेवणारं औषध असतं, हेपरिनच्या जातीचं. खोक्यावर एनॉक्सापॅरिन किंवा डाल्टेपॅरिन असं काही लिहिलंय का, आत्ता उठून बघ. तसं असेल तर तुझ्या बाबतीत एपिड्युरल घ्यायचं की नाही, याआधी कोणताही भूलतज्ज्ञ एकच विचारेल: शेवटचं इंजेक्शन किती वाजता झालं?

असं का, ते नीट समजून घे. एपिड्युरलमध्ये कमरेच्या दोन मणक्यांच्या मधून सुई घालतात. मज्जारज्जूभोवती जे आवरण असतं, त्याच्या बाहेरच्या चिंचोळ्या जागेत ती नेतात आणि तिच्यातून बॉलपेनच्या रिफिलहून बारीक नळी आत सोडतात. सुई काढून घेतात, नळी पाठीला चिकटवून ठेवतात आणि तिच्यातून औषध देत राहतात. त्या जागेत शिरांचं जाळं असतं, आणि गरोदरपणी त्या शिरा फुगलेल्या असतात. सुई घालताना एखादीला टोचलं तरी एरवी रक्त लगेच गोठतं, कोणाला कळतही नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा अंमल असेल तर मात्र ते साचत जातं. भोवती हाडाची भिंत, पसरायला जागा नाही, मग दाब येतो तो नसांवर. पायांतली ताकद जाऊ शकते, आणि काही तासांच्या आत ऑपरेशन करून ते रक्त काढावं लागतं. असं क्वचित होतं, पण झालं तर इतकं वाईट होतं की शहाणा डॉक्टर तिथे घाई करत नाही.

म्हणून तासांचा नियम आहे. गुठळी होऊ नये म्हणून दिवसातून एकदाच दिला जाणारा लहान डोस असेल, समजा 40 मिलिग्रॅमचा, तर त्यानंतर किमान 12 तास कमरेत सुई घालत नाहीत. वजनावर मोजून दिलेला मोठा डोस असेल तर 24 तास. आता तुझा हिशेब कर. साडेनऊला इंजेक्शन झालं आणि रात्री दोनला कळा सुरू झाल्या, तर लहान डोस असूनही सकाळी साडेनऊच्या आधी एपिड्युरल नाही. पहिलटकरणीच्या कळा बऱ्याचदा लांबतात, तेवढा वेळ निघूनही जाईल. पण हे तुला आधी माहीत असणं आणि रात्री तीन वाजता टेबलावर कळणं, यात फार फरक आहे.

आणि एपिड्युरल नकोच असं ठरलं, तरी हा हिशेब सुटत नाही. ऐन वेळी सिझर करावं लागलं तर एरवी पाठीतूनच भूल देतात. त्या सुईलाही हाच नियम. तास भरले नसतील आणि थांबायला वेळ नसेल, तर पूर्ण भूल द्यावी लागते. म्हणजे सासूबाईंचं ऐकलंस तरी भूलतज्ज्ञाला तुझं इंजेक्शन माहीत असायलाच हवं.

मला खरी काळजी आहे ती रविवारची. इंजेक्शन लिहून देणारे डॉक्टर पुण्यात, बाळंतपण बार्शीत, आणि वेळ डोक्यात ठेवणारा एकटा नवरा, तोही पुण्यात. लहान दवाखान्यांत भूलतज्ज्ञ बहुधा बोलावल्यावर येतात. त्यांनी तुला कधी पाहिलेलं नसेल आणि रात्री हाताखाली फाइलही नसेल, तर ते नाही म्हणतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

तेव्हा तू एवढंच कर: रविवारच्या आत पुण्याच्या डॉक्टरांना भेट, आणि बार्शीला पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या प्रसूतितज्ज्ञांबरोबर भूलतज्ज्ञांनाही भेट. इंजेक्शनचं रिकामं खोकं, चिठ्ठी आणि ताजा रक्ताचा रिपोर्ट सोबत ने. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, किती आहेत ते त्यांना बघायचं असतं, आणि हेपरिनने त्या कधी कधी उतरतात. पुण्याच्या डॉक्टरांकडून शेवटच्या आठवड्यांचं लेखी घे. काही जण तारीख ठरवून कळा आणतात, म्हणजे आदल्या दिवशीचा डोस मोजून थांबवता येतो. काही जण शेवटी साधं हेपरिन देतात, त्याचा अंमल लवकर उतरतो. तुला काय लागू पडतं ते तेच सांगतील. कळांची शंका आली किंवा अंगावर रक्त गेलं तर पुढचं इंजेक्शन टोचायच्या आधी फोन करायचा, असंच सहसा सांगतात. तुला काय सांगतात ते लिहून घे. पण आज हे वाचून आपल्या मनाने इंजेक्शन बंद केलंस तर बघ. ते कशासाठी चालू आहे हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

बार्शीच्या दवाखान्यात एवढं विचार: रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात, एपिड्युरल दिल्यावर थांबतात का, आणि ते नसताना औषध कोण वाढवतं. उत्तर "बघू तेव्हा" असं आलं, तर बाळंतपण पुण्यातच कर. माहेरपण सव्वा महिन्यानंतरही करता येतं. आई दोन महिने पुण्याला येऊन राहील.

नणंदेच्या कमरेचं थोडक्यात सांगते. सुई जिथे घालतात तिथे चार-आठ दिवस दुखतं. जन्माची कंबरदुखी एपिड्युरलने येते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. बाळंतपणानंतर कंबर सुई न घेतलेल्यांचीही दुखते. खरे त्रास वेगळे आहेत. रक्तदाब उतरतो, अंगाला खाज येते, पाय जड होतात, लघवीला नळी लागू शकते, जोर लावायचा टप्पा लांबतो. कधी एका बाजूला भूल चढतच नाही, मग नळी मागेपुढे करावी लागते. शंभरात साधारण एकीला सुई आवरणाच्या आत जाऊन डोकं दुखतं, उठून बसलं की वाढतं आणि आडवं झालं की कमी होतं. त्यावर इलाज आहे. एपिड्युरलने सिझर वाढत नाही. निरोगी गरोदर बाईने वेदना कमी करायला मागितलं तर एपिड्युरल द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 सालीच सांगितलंय. तास भरेपर्यंत किंवा ते जमलंच नाही तर शिरेतून द्यायची वेदनाशामक औषधं असतात, काही ठिकाणी मास्कमधून घ्यायचा वायूही मिळतो. त्याचंही त्याच भेटीत विचारून ठेव.

नळी काढतानाही तेच घड्याळ पाळतात. काढल्यावर पुढचं इंजेक्शन किमान 4 तासांनी. बाळंतपणानंतर ते पुन्हा सुरू होतं, बरेचदा 6 आठवडे चालतं. तेव्हा नळी निघाली कधी, याचीही नोंद लागेल.

आता तुझं ते "मी नाजूक आहे का". सहा महिने रोज रात्री नाभीपासून दोन इंच सोडून कातडी चिमटीत धरायची, सुई आत, मग दहा मिनिटं ती आग, आणि चोळायचंही नाही. पोटावर हिरवे-निळे डाग असतील तुझ्या, कालचे आणि परवाचे. 180 च्या वर सुया झाल्या. या घरात सोसण्याबद्दल तुला कोणी शिकवायला नको, आणि सासूबाईंना तो आकडा खुशाल सांग. कळा सुरू झाल्यावर हवंसं वाटलं तर माग, नाही वाटलं तर नको म्हण. त्या घडीला मागता यावं, एवढी तजवीज आजपासून करायची आहे. मन राखायचंच असेल तर आधी तुझं.

आणि नवरा. तू त्याला पाठीशी घालतेस, मी घालणार नाही. रोज सिरिंज हातात धरणारा माणूस "तुम्ही बायका ठरवा" म्हणतो कसा? औषधाचं नाव, डोस, शेवटची वेळ या तीन गोष्टी घरात त्याच्याइतक्या नेमक्या कोणालाच माहीत नसतील. त्याने एका वहीत रोजची तारीख, वेळ आणि डोस लिहायचा. ती वही फाइलच्या पहिल्या कप्प्यात ठेवायची. रविवारनंतर बार्शीत सुई कोण देणार ते ठरवून त्या माणसाला आधी दोन रात्री स्वतः शिकवायचं. भूलतज्ज्ञांच्या भेटीला त्याने सुट्टी काढून यायचं. आईला किंवा सासूबाईंना पाठवून चालणार नाही.

हे पत्र त्याला वाचून दाखव. आज रात्री, साडेनऊच्या आधी.