ग्लुटेन म्हणजे नेमकं काय? मैद्याचा ब्रेड फुगतो, गव्हाच्या पिठाचा जड होतो आणि ज्वारीचा फुगतच नाही, असं का?

तिन्हींचं कारण एकच आहे. ते समजून घ्यायचं तर ग्लुटेन एकदा हातात घेऊन पाहा. १०० ग्रॅम मैद्यात ६० मिली पाणी घालून घट्टसर गोळा मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग वाडगाभर पाण्यात हलक्या हाताने चोळत राहा. पाणी पांढरं होत जाईल, तो स्टार्च. पाणी बदलत राहा. ते नितळ यायला लागलं की हातात पंचवीस-तीस ग्रॅमचा करडा, चिवट गोळा उरेल. तेच ग्लुटेन. त्यातही दोन तृतीयांश पाणीच असतं. ज्वारीच्या पिठाचा गोळा असाच धुतलात तर तो पाण्यात विरून जाईल, हाती काही लागणार नाही.

कोरड्या पिठात ग्लुटेन तयार स्थितीत नसतं. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं असतात. पाणी मिळालं की ती एकमेकांत गुंततात आणि मळल्याने त्यांचं जाळं पक्कं होतं. ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते, ग्लुटेनिनमुळे ती मागे खेचते. नुकत्याच मळलेल्या कणकेची पोळी लाटताना आक्रसते, पण वीस-तीस मिनिटं मुरू दिली की तीच निमूट लाटली जाते, कारण तेवढ्यात जाळ्यातला ताण सैल होतो. पुरणपोळीची कणीक सैल भिजवून, तेल-पाण्याचा हात लावत तिंबून तास-दोन तास ठेवतात ती यासाठीच. खानदेशी मांडा हातांवर फिरवत खापराएवढा मोठा करता येतो, तो याच गुणाची कमाल आहे. शंकरपाळ्यात नेमकं उलटं हवं असतं. मोहनाचं तूप पिठाच्या कणांना वेढतं, पाणी प्रथिनांपर्यंत नीट पोचत नाही, जाळं तुटक राहतं आणि शंकरपाळे खुसखुशीत होतात. म्हणून ते पीठ फार मळायचं नाही.

ब्रेडमध्ये यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड हे जाळं कोंडून धरतं. ओव्हनमध्ये स्टार्च शिजतो, ग्लुटेन घट्ट होतं आणि फुगलेला आकार तसाच राहतो.

आता गव्हाच्या पिठाचं. त्यात प्रथिनं मैद्यापेक्षा कमी नसतात, बरेचदा जास्तच असतात. पण कोंड्यातली आणि अंकुरातली प्रथिनं ग्लुटेन बनवत नाहीत, आणि कोंड्याचे टोकदार कण बनलेलं जाळं जागोजागी तोडतात. कोंडा पाणीही भरपूर पितो, तेही सावकाश. शिवाय चक्कीच्या दळणात स्टार्चचे कण भरडले जातात, त्यांनाही जास्त पाणी लागतं. मैद्याच्या मापाने पाणी घालणं ही इथली सगळ्यात मोठी चूक.

३०० ग्रॅम गव्हाच्या पिठाला मी २२५ मिली पाणी सुचवेन. मैद्याला १९० पुरतं. आधी फक्त पीठ आणि पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे कोंडा मऊ पडेल. मग ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६ ग्रॅम मीठ आणि शेवटी १५ ग्रॅम तेल घालून दहा-बारा मिनिटं मळा. सुरुवातीला हाताला चिकटेल, तरी वरून कोरडं पीठ लावू नका. लिंबाएवढा गोळा बोटांनी ताणून पाहा. मैद्याचा पापुद्रा उजेड दिसेल इतका पातळ होतो. गव्हाचा तितका होणार नाही, पण लगेच फाटत असेल तर अजून मळायला हवं. फुगवताना दुपटीची वाट पाहू नका, दीडपट-पावणेदोनपट पुरे. उन्हाळ्यात हे पाऊण तासातही होतं. वेळ टळली तर जाळं आणखी ताण सोसत नाही आणि ब्रेड ओव्हनमध्ये मधोमध बसतो. साच्यात घालून पुन्हा तसाच फुगू द्या, मग २०० अंश सेल्सिअसवर ३५-४० मिनिटं भाजा. तरी जड वाटला तर १०० ग्रॅम गव्हाच्या जागी मैदा घ्या, किंवा विकत मिळणारं कोरडं ग्लुटेन १० ग्रॅम घालून पाणी थोडं वाढवा.

ज्वारीच्या भाकरीला उकळतं पाणी लागतं, कारण तिथे शिजलेल्या स्टार्चचा चिकटा पीठ बांधून ठेवतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे हा चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरीला चिरा पडतात. हा चिकटा भाकरी धरतो, पण तासभर वायू कोंडून ठेवणं त्याला जमत नाही. ज्वारीचा ब्रेड करायचाच असेल तर १०० ग्रॅम पिठाला ५-६ ग्रॅम इसबगोल घाला आणि मिश्रण गव्हाच्या कणकेपेक्षा बरंच सैल ठेवून साच्यात भाजा. गव्हासारखी जाळी मात्र येणार नाही.

ग्लुटेन टाळायचं असेल तर गहू, जव आणि राय (rye) ही धान्यं बंद. खपली हाही गहूच, त्यातही ग्लुटेन असतं, जाहिरात काहीही म्हणो. रवा, दलिया, गव्हाच्या शेवया यांचंही तेच. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, मका चालतात. निरोगी माणसाने ग्लुटेनला घाबरावं असं मला अजिबात वाटत नाही. सिलिअॅक आजारात मात्र त्यामुळे लहान आतड्याचं अस्तर खराब होतं आणि पथ्य जन्मभर, काटेकोर पाळावं लागतं. तशी शंका असेल तर रक्ततपासणी आधी करा, गहू नंतर सोडा. गहू सोडून काही महिने झाले की तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. निदान झालंच, तर हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा, बाजारी हिंगात बहुधा मैदा असतो. थालीपिठाच्या तयार भाजणीत गहू आहे का तेही विचारा. आणि ज्वारी गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळून आणू नका, जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ तुमच्या डब्यात येतं. घरी छोटी चक्की घेऊन ती गव्हाला अजिबात न वापरणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय.