शब्दशंका : ‘हअमो’ आणि ‘हमाल’

प्रश्न : श्रावणात आमच्या गावची मुले गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने अकोल्याच्या राजराजेश्वराला नेतात. प्रशांत महासागरातील टोंगा बेटांवर काठीच्या दोन्ही टोकांना ओझे बांधून ते खांद्यावरून नेण्याला ‘हअमो’ म्हणतात, असे वाचले. हा आपल्या ‘हमाल’चाच भाऊबंद असावा काय?
— एक वाचक, अकोट तालुका

उत्तर : साम्य कानाला पटते, पण नाते नाही. ‘हमाल’ अरबी आहे. तो ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या धातूपासून झाला असून त्यातला ‘ल’ धातूचाच भाग आहे, उपरा नव्हे. ‘हअमो’मध्ये त्या ‘ल’चा मागमूसही नाही.

‘हअमो’चे खरे सगेसोयरे समुद्रापलीकडे भेटतात. सामोआ, हवाई आणि न्यूझीलंडची माओरी या तिन्ही भाषांत खांद्यावर वाहण्याला ‘अमो’ म्हणतात. टोंगन शब्दातला ‘ह’ आणि त्यापुढे घशात क्षणभर अडणारा श्वास, दोन्ही तिथे गळले आहेत. ही गळती मनाला येईल तशी झालेली नाही : पावसाला टोंगात असाच घसा अडवून ‘उहा’ म्हणतात, त्या तिन्ही भाषांत नुसते ‘उआ’, नऊ या संख्येला टोंगात ‘हिवा’, इतरत्र ‘इवा’. आपल्याकडे ‘मस्तक’चा ‘माथा’, ‘पुस्तक’ची ‘पोथी’ आणि ‘स्कंध’चा ‘खांदा’ झाला, त्यातही अशीच शिस्त दिसते. दोन शब्द नुसते सारखे ऐकू येण्यापेक्षा नियमाने वेगळे ऐकू येणे हाच नात्याचा भक्कम पुरावा, हे व्युत्पत्तीच्या हौशी मंडळींना (आणि त्यांत मीही आलो) पचायला जड जाते.

‘हअमो’ला ‘ङा’ प्रत्यय लागला की ‘हअमोङा’, म्हणजे खांद्यावरचे ओझे, असे नाम होते. टोंगाटापू बेटावर दोन उभे प्रवाळी दगड आणि त्यांवर एक आडवी शिळा अशी कमान उभी आहे. परंपरेनुसार ती तेराव्या शतकात तुइतातुई राजाने बांधली. लोककथा मात्र म्हणते की माउई या देवपुरुषाने तिचे दगड खांद्यावरून आणले, आणि म्हणून तिचे नावच ‘माउईचे ओझे’. माओरींनी तर हा शब्द घराला लावला : सभागृहाच्या दर्शनी उतरत्या फळ्या तोलणारे दोन खांब तेही ‘अमो’च. आपणही पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची ‘खांद’ शेकतो, तेव्हा हळद-लोणी लागते ते त्याच्या मानेवर जू टेकते त्या जागेला.