ब्रेक आणि बेअरिंग घरी करता येतात का? मागचे येतात, पुढच्याला प्रेस लागते

तुमचा प्रश्न असा : २००६ ची मारुती ८०० आहे, साठच्या पुढं गेलं की मागून घुंऽऽ आवाज येतो, ब्रेक दाबला की मागूनच करकर. बेअरिंग आणि ब्रेक-शू घरी बदलता येतील, की गॅरेजला टाकावी?

येतील. मागचं दोन्ही घरी होतं. पुढचं बेअरिंग नकलमध्ये (पुढचं चाक ज्या लोखंडी तुकड्यावर बसतं आणि वळतं त्यात) दाबून बसवलेलं असतं, त्याला प्रेस म्हणजे दाबयंत्र लागतं, ते घरी होत नाही. खरं तर उत्तर इथंच संपलं. पण 'ब्रेकला घरी हात लावू नये, जिवाचा प्रश्न आहे' हे वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की असा प्रश्न दिसला की मला गप्प बसवत नाही. जावळाला ऐकलं, वास्तुशांतीला ऐकलं, एकदा तर मयताला गेलो होतो तिथं स्मशानाबाहेर उभ्या-उभ्या ऐकलं.

मी सव्वीस वर्षं सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालता ठेवणारा, होतो. टॉवेलचे यंत्रमाग. चाळीस माग एकदम चालू असताना कुठल्या मागाचं बेअरिंग बोलायला लागलंय ते मी सांगायचो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाऊसिंगला (बेअरिंग ज्या खोबणीत बसतं त्याला) आणि मूठ कानाला, बस्स. त्यामुळं गाडीच्या बेअरिंगचं मला कुणी शिकवायला आलं की जरा डोकं फिरतं, हे आधीच कबूल करतो.

माझीही ८०० च, २००३ ची, सेकंडहॅन्ड घेतलेली. २०११ मध्ये पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं. साडूंच्याच ओळखीच्या एका गॅरेजला गाडी लावली. मी शेजारी स्टुलावर बसलो होतो. मेकॅनिकनं नवं बेअरिंग नकलवर ठेवलं आणि छन्नी घेऊन आतल्या रिंगवर ठोकायला सुरुवात केली. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. मी म्हटलं, ओ, बाहेरची रिंग हाऊसिंगमध्ये बसवायचीय आणि तुम्ही मारलालाव आतल्या रिंगवर! तो म्हणाला, काका, रोज चार बसवतो.

रोज चार बसवत असेल. पण आतल्या रिंगवर मारलेला घाव दोन रिंगांमधल्या गोळ्यांमधून जातो आणि गोळ्या ज्या वाटेवर फिरतात त्या वाटेवर बारीक खड्डे पाडतो. डोळ्याला दिसत नाहीत. कानाला मात्र हजारेक किलोमीटरनं ऐकू येतात. मला आठशेत ऐकू आले. बेअरिंग हाऊसिंगमध्ये घालायचं तर जोर बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर चढवायचं तर आतल्या रिंगवर. आमच्याकडं पोराला मागाला हात लावू द्यायच्या आधी हे शिकवत होते. शाफ्टवर चढवायचं बेअरिंग आम्ही तेलात गरम करायचो. रिंग फुगते आणि बांगडीसारखी सरकते. हातोडा लागतच नाही.

गॅरेजवाल्यानं दुसऱ्यांदा मजुरी मागितली. साडू म्हणाले, होतं असं कधी कधी. तिथून मी ठरवलं, मागच्या चाकांना या माणसांचा हात लागू द्यायचा नाही.

मागचं काम २०१४ च्या मे महिन्यात काढलं. सोलापूरचा मे काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. पहाटे पाचला सुरू आणि साडेनऊला आवरतं घ्यायचं, नंतर पाना हातात धरवत नाही. गाडीत घुंऽऽ होतंच, करकर होतीच. तुमचंच दुखणं.

जॅक, स्टँड, पुढच्या चाकांना दगड, गाडी गिअरमध्ये आणि हॅन्डब्रेक खाली, हे तुम्हाला माहीत असणार. हॅन्डब्रेक ओढलेला राहिला तर शू (ब्रेकचे अर्धगोल पट्टे) ड्रमला (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला) आतून धरून बसतात आणि तुम्ही ड्रमला शिव्या देत बसता. विटांवर गाडी ठेवू नका, वीट सांगून फुटत नाही. ड्रम गंजून अडकला असेल तर पुलर (धरून ओढून काढायचं हत्यार) लावून काढा.  हे माहीत नसलेली माणसं हातोड्यानं ड्रमची कड उडवतात.

आतली काळी धूळ फुंकू नका. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. जुन्या शूमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं फेकून द्या. कापसाची धूळ खाल्लेला माणूस सांगतोय, ऐका.

शू काढताना एका वेळी एकच चाक उघडा. दुसरं चाक म्हणजे तुमचा नकाशा. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात ते तिथं बघायचं. मोबाइलमध्ये फोटो काढला तरी स्प्रिंग पुढून आहे की मागून ते फोटोत नेमकं कळत नाही. व्हील सिलिंडरची (ऑइलच्या दाबानं शू ढकलणाऱ्या नळकांड्याची) रबरी टोपी जरा उचलून बघा. आत ओलं दिसलं तर नुसते शू बदलून काय उपयोग, आतला रबरी कप गळतोय. आणि जे कराल ते दोन्ही बाजूंना. एका बाजूला नवे शू, एका बाजूला जुने, मग ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

आता बेअरिंग. ८०० ला मागची बेअरिंगं ड्रमच्याच पोटात असतात, आतलं एक आणि बाहेरचं एक, मध्ये स्पेसर. स्पेसर विसरू नका. नवी बेअरिंगं मी आदल्या रात्री पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवली होती. गारठ्यानं जरा आकसतात. सकाळी आमच्या हिनं बर्फाचा ट्रे काढायला हात घातला आणि पिशवी बाहेर काढून विचारलं, हे काय नवीन? मी म्हटलं बेअरिंग. ती म्हणाली, शेंगाचटणीच्या डब्याला ग्रीसचा वास लागला तर जेवायला त्या गॅरेजवाल्याकडं जायचं. ड्रम उन्हात ठेवला होता, बेअरिंग गार, वर जुनं बेअरिंग ठेवलं आणि लाकडाच्या ठोकळ्यावर हळू मारत बसवलं. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग नव्याच्या बाहेरच्या रिंगवरच टेकते, आतली घासून कमी केली की झालं. सरळ बसलं की हातोड्याचा आवाज बदलतो. बद्द होतो. तिथं थांबायचं. तेलसील नवं, नट सुटू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन नवी. जुनी पिन वाकवून परत घालणाऱ्याला मी माझ्या अंगणात उभं करत नाही.

मग ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढणं. याला दुसरा माणूस लागतो, आणि तिथंच घरं मोडतात. ही सीटवर, मी मागच्या चाकापाशी आडवा. 'दाब' म्हटलं की दाबायचं, 'धर' म्हटलं की धरून ठेवायचं, मी निपल (हवा सोडायचा चाकापाशी असतो तो स्क्रू) आवळून 'सोड' म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. पाय आधी उचलला की निपलातून हवा परत आत. तिनं दोनदा उचलला. तिसऱ्यांदा मी ओरडलो आणि समोरच्या गॅलरीतून कुणीतरी डोकावलं. नंतर तिचं म्हणणं निघालं की मी 'दाब' आणि 'धर' एकाच दमात म्हणत होतो. असेन. मास्टर सिलिंडरपासून (पेडल ज्याला दाबतं त्या मुख्य नळकांड्यापासून) सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं. बाहेर आलेलं जुनं ऑइल चहासारखं काळपट होतं. डॉट ३ जातीचं ब्रेक ऑइल कोरडं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग ही हद्द १४० पर्यंत घसरू शकते. घाट उतरताना उकळलं तर पेडल थेट खाली जातं. म्हणून ऑइल बदला, आणि वर्षभर उघडून ठेवलेल्या बाटलीतलं भरू नका. इंजिन ऑइल चुकून गेलं तर सगळे रबर फुगून बसतात.

पुढच्या रविवारी तुळजापूरला निघालो. पुढच्या सीटवर साडू. मुद्दाम बसवले. जाताना काही बोलले नाहीत. येताना घाट उतरायला लागलो तेव्हा त्यांचा उजवा पाय गाडीच्या पत्र्यावर असा दाबलेला, की ब्रेक माझ्याकडं नसून त्यांच्याकडंच आहे. मी दुसऱ्या गिअरमध्ये, गरज पडेल तिथंच ब्रेक. पेडल वर, घट्ट, करकर नाही, ओढणं नाही. खाली आल्यावर मी विचारलं, काय म्हणताय? ते म्हणाले, ब्रेक लागतोय की ओ. हे वाक्य मी आजवर जपून ठेवलंय.

पण सपाटीला गाडी साठच्या पुढं गेली आणि मागून घुंऽऽ.

साडू म्हणाले, हे काय मग? बेअरिंग बदललं ना तुम्ही? मी काहीतरी बोललो, नवं बेअरिंग सेट व्हायला वेळ लागतो वगैरे. तसं काही नसतं. मला माहीत होतं. घरी आल्यावर ते मागच्या टायरपाशी वाकले, रबरावरून तळहात एकदा पुढं फिरवला, एकदा मागं. म्हणाले, बघा. एका अंगाला गुळगुळीत, उलट फिरवला तर करवत. टायरवर खवले पडलेले. बाजूच्या अंडाकृती चौकटीत शेवटचे चार आकडे २३०७, म्हणजे २००७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. बेअरिंगं मी जी काढून फेकली ती बहुतेक चांगली होती.

चाळीस मागांतलं बेअरिंग ओळखणारा मी, आणि टायर ओळखलं सूतगिरणीत हिशेब लिहिणाऱ्या माणसानं. आता तुम्हाला कळलं असेल की मयताच्या वेळी मी उलटून का बोललो नाही.

तेव्हा तुम्ही काहीही उघडायच्या आधी हे बघा. गुळगुळीत डांबरावर आवाज कमी झाला आणि खरखरीत रस्त्यावर वाढला तर संशय टायरवर. रस्ता कसाही असो, आवाज वेगाबरोबरच वाढत असेल तर बेअरिंग. मोकळ्या रस्त्यावर पन्नासला स्टिअरिंग जरा उजवीकडं घ्या. भार डाव्या चाकांवर येतो, आवाज वाढला तर डावं. चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खेळ लागला तर बेअरिंग. आणि एका हातानं चाक फिरवत दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा, खराब बेअरिंग तिथं बोटांना मुंग्या आणतं. नाहीच कळलं तर मागची टायरं पुढं आणि पुढची मागं करा. आवाज जागा बदलून पुढं आला की दोष टायरचा, बेअरिंग निर्दोष सुटलं. याला पैसे पडत नाहीत. मी हे का केलं नाही, ते विचारू नका.

करकरीचं वेगळं. नुसती धूळ असेल तर सफाईनं जाते, पण शूचं अस्तर रिव्हेटपर्यंत आलं असेल तर ड्रमवर चरे दिसतील. ड्रमची जास्तीत जास्त किती झीज चालते तो आकडा बहुतेक ड्रमवरच कोरलेला असतो. त्यापुढं गेला असेल तर लेथवर देऊ नका, नवा घ्या.

आणि हो, हे राहिलंच. हे सगळं साध्या, एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) नसलेल्या गाडीपुरतं. शिवाय काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी जागेवरच पेडल पंप करून बघा, मग गल्लीत दहाच्या वेगानं चार वेळा थांबवा, हॅन्डब्रेकही बघा. पेडल एकदा दाबून खाली आणि दोनदा दाबून वर येत असेल तर आत हवा आहे किंवा शूचं अंतर जास्त आहे. तशी गाडी रस्त्यावर काढू नका. आणि दुसरं माणूस मदतीला मिळत नसेल तर ब्रेकचं काम गॅरेजला द्या. इतपत साडूंचं बरोबर आहे.

पुढचं बेअरिंग असेल तर नकल स्वतः खोलून प्रेसवाल्याकडं न्या आणि शेजारी उभे राहा. छन्नी उचलली तर उचलून घेऊन या.

बाकी, तुमच्या मागच्या टायरवरचे शेवटचे चार आकडे कुठले आहेत ते लिहा, मग पुढचं बोलू.