तालुक्याच्या गावी प्राणी-निवारा: शेड नंतर, ओपीडी आधी

तुमचा प्रश्न असा की, लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आठ-दहा जणांना मिळून कुत्र्या-मांजरांसाठी निवारा काढायचाय, गावाबाहेर वीस गुंठे जागा मिळतेय, शेड केवढी टाकावी. आणि नगरपरिषद विचारतेय, याचा गावाला उपयोग काय?

शेड आत्ता टाकूच नका. तीस कुत्र्यांची सोय झाली हे गावात कळलं की महिन्याभरात ती भरते. रात्रीतून फाटकाशी पिल्लांची खोकी येऊन पडतात (त्यात माद्याच जास्त), आणि गाडीखाली पाय मोडलेल्या कुत्र्याला जागा उरत नाही. निवाऱ्याचं खरं काम म्हणजे जनावर आहे त्या घरात, आहे त्या गल्लीत टिकवणं. त्याला सुरुवातीला लागते ती ओपीडी, म्हणजे एवढंच: आठवड्यातला एक ठरलेला दिवस, नोंदणीकृत पशुवैद्य, टेबल, वजनकाटा आणि २ ते ८ अंशांत लस राहील असा फ्रीज. लोडशेडिंग असेल तर आइसपॅक आणि फ्रीजमध्ये थर्मामीटर हवाच. गरम झालेली लस दिसायला तशीच दिसते, फक्त काम करत नाही. दिवस आठवडी बाजाराचा धरा, खेड्यातली माणसं तेव्हा गावात येतातच.

लोक पाळलेलं कुत्रं सोडायला का येतात? गोचीड, लूत, मादीचं माजावर येणं, चावणं, बदली. बदली सोडली तर बाकीचं बरंचसं टेबलावर सुटतं.

गोचिडांसाठी कपाशीवर मारायचं औषध कुत्र्याच्या अंगावर ओतणं हा आपल्याकडचा सगळ्यात घातक उपाय. लाळ गळायला लागते, अंग थरथरतं, बाहुल्या बारीक होतात, जुलाब होतात. हातमोजे घालून साबणाच्या पाण्यानं अंग धुवायचं आणि औषधाची बाटली सोबत घेऊन लगेच डॉक्टर गाठायचा. कोणतं विष आहे ते कळल्याशिवाय उतारा ठरत नाही. गोचीड कुत्र्यावर दिसतो त्यापेक्षा जास्त भिंतीच्या फटीत असतो. म्हणून कुत्र्याला औषध दिलं त्याच दिवशी फटी बुजवून चुना मारायचा आणि दोन-तीन आठवड्यांनी तपासून पुन्हा तेच करायचं. नुसतं कुत्रं धुतलं तर पंधरवड्यात गोचीड परत, आणि मालक म्हणणार औषधच खोटं.

लूत लागलेल्या कुत्र्याला जळकं ऑईल फासतात. ते कातडीतून आणि चाटून पोटात जातं. गायी-म्हशींचं आयव्हरमेक्टिन अंदाजानं टोचणंही तसंच, विशेषतः कॉली किंवा शेफर्डचा संकर असेल तर. वजनकाटा त्यासाठीच हवा: माणूस कुत्र्याला घेऊन उभा राहील, मग एकटा, उरलं ते कुत्र्याचं वजन. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते, आणि कुत्र्यांच्या गोचिडाची पर्मेथ्रिनची औषधंही. हा फलक ओपीडीच्या दारावर लावा.

बीड, धाराशिवकडे काम नेणार असाल तर ऊसतोडीचं वेळापत्रक धरा. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास हलतात. काही कुत्री कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) राखणीला जातात, काही मागे गावात राहतात आणि खायला नसल्यानं टोळीनं फिरायला लागतात. लस लागू पडायला दोन-तीन आठवडे जातात, त्यामुळे शिबिर भाद्रपदात घ्या, पितृपक्ष संपायची वाट बघू नका. रेबीजची लस तीन महिन्यांच्या पिल्लापासून, मग डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे बूस्टर, पुढे दरवर्षी. कार्ड मालकाच्या हातात द्या आणि फोटो काढून ठेवा, कारण कार्ड कोपीत टिकत नाही.

नसबंदीचं गणित मोसमाशी बांधलेलं आहे. गल्लीतल्या कुत्र्या पावसाळ्याच्या शेवटाला माजावर येतात, त्रेसष्ट दिवसांच्या आसपास वितात, म्हणून दिवाळी ते संक्रांत पिल्लंच पिल्लं. शस्त्रक्रिया त्याआधी व्हायला हव्यात, पण मे महिन्यात उन्हाचा ताण आणि जून-जुलैत टाक्यांवर माश्या बसून अळ्या. फेब्रुवारी ते एप्रिलचा मध्य हा सगळ्यात बरा काळ. मात्र भटक्या कुत्र्यांना आपल्या मनानं हात लावू नका. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे हे काम स्थानिक स्वराज्य संस्थेचं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं प्रकल्प-मान्यता प्रमाणपत्र असलेल्या संस्थेमार्फतच ते करून घ्यायचं असतं. शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस ठेवायचं, कानाला खाच, रेबीजची लस आणि पकडलं त्याच जागी सोडायचं. कारण साधं आहे: जागा रिकामी झाली की दुसरी, लस नसलेली कुत्री येतात. याला अपवाद सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाचा: शाळा, दवाखाने, बसस्थानक, रेल्वे स्थानक अशा आवारांतून उचललेली कुत्री तिथे परत सोडायची नाहीत. मग ती कुठे ठेवायची, किती आणि कुणाच्या खर्चानं, हे नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. तोंडी घेतलंत तर सगळी तुमच्या वीस गुंठ्यांत येतील.

तुमच्या भागात कारवान, पश्मी ही सडपातळ शिकारी कुत्री पाळतात. असं कुत्रं शस्त्रक्रियेला आलं तर भूल देणाऱ्याला आधी सांगा. अंगावर चरबी कमी असल्यानं थायोपेंटोनसारखी भूल त्यांना जास्त वेळ आणि जास्त खोल चढते. हाड मोडणं वगैरे मोठ्या कामाला उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, परभणीलाही आहे. फोन करून, कागद घेऊन जा.

नगरपरिषदेला द्यायचं उत्तर मात्र रेबीजचंच. चावणाऱ्या कुत्र्याला रेबीज आहे का ते कळायला दहा दिवस नजरेखाली ठेवायचं, तर गावात जागाच नसते, आणि मग कुत्रं मारून टाकतात किंवा ते पळून जातं. दुहेरी दाराचे दोन पिंजरे फक्त यासाठी रिकामे ठेवा. रोज दोनदा नोंद: खातं-पितं का, आवाज बदलला का, मागचे पाय लटपटतात का. आजारी पडलं किंवा मेलं तर त्याच तासाला डॉक्टरांना आणि सरकारी दवाखान्याला कळवायचं. पण चावलेल्या माणसानं या दहा दिवसांची वाट बघत बसायचं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, चुना-मिरची-हळद काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. कातडीत लस दिली तर ०, ३, ७, २८ हे दिवस; स्नायूत दिली तर चौदावाही. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) मागून घ्या, बऱ्याचदा तेच राहून जातं. तुमच्या स्वयंसेवकांनी काम सुरू करण्याआधीच ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी लस घ्यावी. ज्यानं घेतली नाही त्याच्या हातात जाळी द्यायची नाही.

शेड टाकाल तेव्हा दहा-बारा पिंजऱ्यांची टाका. नुसता पत्रा म्हणजे मे महिन्यात तवा. पत्र्याची उंची दहा-बारा फूट, वरून पांढरा चुना, खाली तुराट्यांचं छत. जमीन कोब्याची, फुटाला पाव इंच उतार. शहाबादीच्या सांध्यांत घाण राहते. पिल्लांसाठी वेगळी खोली, वेगळी चप्पल, वेगळा झाडू, आणि नव्याला चौदा दिवस वेगळं. पार्व्हो हा पिल्लांच्या जुलाबाचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि फिनाईलनं मरत नाही. आधी घाण कोरडीच खरवडायची (पाणीही वाचतं), मग साबण, मग ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर: ताजी असेल तर दहा लिटरला ५० ते ६० ग्रॅम, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी शिंपडून दहा मिनिटं ठेवायचं. रोज नवं करायचं आणि फिनाईलमध्ये किंवा अ‍ॅसिडमध्ये कधीच मिसळायचं नाही. मातीच्या जमिनीवर हे सगळं वाया.

पाण्याचा हिशेब २०१६ आठवून करा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पंधरा किलोचं कुत्रं एरवी लिटरभर पितं, उन्हाळ्यात दीड-दोन. धुण्याला प्रत्येकी दहा-पंधरा लिटर धरा. टँकर परवडेल तितकीच कुत्री ठेवा. लू लागलेल्या कुत्र्यावर साधं पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ नको, ओलं पोतं पांघरून ठेवायचं नाही, आत उष्णता कोंडते. ताप १०३ फॅरनहाइटवर आला की पाणी थांबवायचं. या हवेत हस्की पाळणाऱ्यांना काय बोलावं ते तुम्हीच ठरवा.

खाण्याला एका मोठ्या देशी कुत्र्यामागे २०० ग्रॅम कोरडा तांदूळ किंवा ज्वारी आणि दीडशे ग्रॅम शिजवलेली कोंबडीची मुंडी-कलेजी रोजची पुरते. हॉटेलचं उरलेलं घेऊ नका. त्यात कांदा, तिखट आणि शिजलेली हाडं असतात.

दत्तक देताना घर भाड्याचं असेल तर मालकाला फोन केल्याशिवाय देऊ नका. मादी असेल तर नसबंदी झाल्यावरच. पिल्लू लहान असेल तर तारीख लिहून, सही घेऊन.

लोक पोपट, माकडाचं पिल्लू, मोरही आणून देतील. ते तुम्ही ठेवलंत तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तुम्हीच अडकाल, वनविभागाला १९२६ या फोन क्रमांकावर कळवा. गाय-बैलासाठी १९६२ ला फोन करायला सांगा.