एझिमलाला जाण्याआधी घरातलं इन्स्पेक्शन बंद करा

पत्राचा सारांश: माझा मुलगा यंदा बारावी झाला. जेईई मेन्सच्या रँकवर नौदलाच्या बी.टेक. एन्ट्रीसाठी बोलावणं आलं, एसएसबीत (सैन्यदलांच्या निवड मंडळात) शिफारस झाली, मेडिकलही पार पडलं. जानेवारीच्या तुकडीत केरळात एझिमलाला, भारतीय नौदल अकादमीत दाखल व्हायचंय. तिथे इन्स्पेक्शनच्या वेळी लष्करी ज्ञान विचारतात असं कळलं, म्हणून इंटरनेटवरून यादी काढून मी रोज तयारी करून घेतो. पाठ होतं, पण विचारलं की अडखळतो. कोणतं पुस्तक घ्यावं? धाकटी मुलगी नववीत आहे, तिचंही आत्तापासून सुरू करावं का?
– एक वडील, मुलुंड

नमस्कार.

पत्र चांगलं लांबलचक आहे आणि त्यात इन्स्पेक्शन हा शब्द पानोपानी येतो. मुलगा स्वतः काय म्हणतो, हे मात्र एका ओळीतही नाही. शेवटच्या पानाच्या समासात वेगळ्या अक्षरात, बहुधा त्याच्या आईने, लिहिलंय: "तो हल्ली जेवताना बोलत नाही." तुमच्या पुस्तकाच्या प्रश्नापेक्षा मला ही ओळ जास्त महत्त्वाची वाटली.

तुम्ही कौतुकाने लिहिलंय की त्याला पहाटे पाचला उठवता, चादर ताणून बसली आहे का बघता, कपाटातल्या शर्टांच्या घड्यांना फूटपट्टी लावता. एक मोजा बिनजोडीचा सापडला म्हणून परवा अख्खं कपाट जमिनीवर ओतलंत आणि पुन्हा लावायला लावलंत. रात्री ताटावर बसल्यावर "सात नंबर?" असं विचारता आणि उत्तर आल्याशिवाय पुढची पोळी वाढू देत नाही. साहेब, हे आजच्या आज बंद करा.

तुम्ही म्हणाल, तिथे याहून कडक असतं. असतं ना. पण तिथे ओरडणारा गनरी इन्स्ट्रक्टर, म्हणजे कवायत घेणारा, मुलाचा कोणी लागत नाही. त्याच्यावर मनसोक्त चिडता येतं, रात्री केबिनमध्ये त्याची नक्कल करता येते. शिक्षा झाली तर सगळ्या पोरांना मिळून होते आणि त्यातूनच त्यांची गट्टी जमते. तुमच्या घरात तो एकटा आहे. नक्कल करायला सोबती नाही आणि ज्याच्यावर चिडायचं तो बाप आहे. मग मुलगा गप्प बसतो. त्याला अडखळायला तुम्हीच लावलंय, आणि ते कोणत्याही पुस्तकाने सुटणार नाही.

आता त्या यादीबद्दल. तुम्ही सोबत जोडलेली पानं पाहून मी कपाळावर हात मारला. ती यादी अमेरिकेच्या नौदलाची आहे! पहारेकऱ्याचे अकरा आदेश, पहिला हुद्दा 'एन्साइन', खोली-लॉकर-गणवेशाची एकत्र तपासणी, हे सगळं ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या ऑफिसर कँडिडेट स्कूलचं आहे. तिथे येणारे पदवीधर असतात, तीनेक महिन्यांत त्यांना अधिकारी करायचं असतं आणि शिकवायला मरीन कोअरचे ड्रिल इन्स्ट्रक्टर असतात. वेळ कमी म्हणून अकरा आदेश शब्दशः, हुद्दे क्रमाने, वरिष्ठांची साखळी नावानिशी, असं सगळं तोंडपाठ लागतं. तुमचा मुलगा चार वर्षं एझिमलात राहणार आहे. आपल्याकडे 'एन्साइन' हा हुद्दाच नाही, सुरुवात सब लेफ्टनंटपासून होते. आणि तुम्ही ताटावर विचारता तो सात नंबरचा आदेश काय आहे, बघितलंत का? कर्तव्याव्यतिरिक्त कोणाशीही न बोलणे. तो तेवढा मुलगा तंतोतंत पाळतोय.

यामागचा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. मुंबईतल्या क्लासच्या जाहिरातींनी तो घरोघरी पोचवलाय: आधीच सगळं येत असलेला मुलगा अकादमीत पुढे जातो. अकादमी हे गृहीतच धरत नाही. ताठ उभं कसं राहायचं, पाऊल कसं टाकायचं, सलाम करताना तळवा खाली कसा ठेवायचा, इथपासून सगळं तिथे शिकवतात. आणि एसएसबीच्या पाच दिवसांत मुलगा सहकारी म्हणून कसा आहे, अडचणीत काय करतो, खरं बोलतो का, हेच बघून झालेलं आहे. इन्स्पेक्शनमध्ये कॉलरवरचा डाग शोधतात तोही डागासाठी नसतो. घाईत, झोप अपुरी असताना, अंगावर ओरडलं जात असताना माणूस बारीकसारीक गोष्टी नीट करतो का, ते बघायचं असतं. त्याच क्षणी ज्ञानाचा प्रश्न टाकतात तोही त्यासाठीच. येत नसेल तर "माहीत नाही सर, शोधून सांगतो" म्हणणारा चालतो, ठोकून देणारा चालत नाही. पुढे जहाजावर धोक्याच्या वेळी अंदाजाने दिलेलं उत्तर किती महागात पडेल, हे ज्याला कळतं तोच तिथे टिकतो. तुम्ही मुलाला नेमकं उलटं शिकवताय: काहीही करून उत्तर दे, नाहीतर पोळी नाही.

तरीही काही माहीत असावं असं वाटतंच ना? मग थोडंच, पण आपलं. सब लेफ्टनंट, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर, कॅप्टन, कमोडोर आणि वर तीन ॲडमिरल. यात एकच गोम लक्षात ठेवायची: नौदलाचा कॅप्टन भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा असतो, भूदलाचा कॅप्टन नौदलाच्या लेफ्टनंटच्या. विभागीय मुख्यालयं तीन: पश्चिमेचं इथे मुंबईत, पूर्वेचं विशाखापट्टणमला, दक्षिणेचं कोचीला, आणि प्रशिक्षणाचा कारभार या तिसऱ्याकडे. 2 सप्टेंबर 2022 ला ध्वज बदलला, त्यावरची अष्टकोनी मुद्रा शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतली आहे. सागरी मैल 1,852 मीटरचा. एवढं पुरे.

ते पाठ करून घेण्यापेक्षा एका रविवारी त्याला गेटवेवरून मांडव्याच्या लाँचने घेऊन जा. आणि कृपा करून प्रश्न विचारू नका. संध्याकाळच्या फेरीने परत या. अंधार पडू लागला की बोटींचे दिवे लागतात, डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. समोरून येणारी बोट आपल्याला कोणतं अंग दाखवते आहे ते त्यावरून कळतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा जन्मात विसरत नाही. नौदलाची जहाजं दिसली तर बघा, मोबाइल खिशात ठेवा. 4 डिसेंबर जवळ आलाय. 1971 मध्ये निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला तो हा दिवस. पाचच दिवसांनी आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. मुलाशी बोलायचंच असेल तर यावर बोला. त्याला काय वाटतं ते ऐका, आणि त्याचं वाक्य मधे तोडू नका.

उरलेल्या आठवड्यांत खरी तयारी हवी ती पोहण्याची. येत नसेल तर महापालिकेच्या तरणतलावावर उद्याच चौकशी करा, मुलुंडकरांना त्यासाठी लांब जावं लागत नाही. धावणं चालू ठेवू द्या. स्वतःचे कपडे स्वतः धुणं, पांढऱ्या शर्टाला इस्त्री आणि बुटाला पॉलिश करणं त्याला जमलं पाहिजे. हे आईने शिकवावं, ती ओरडत नाही असा माझा अंदाज आहे. दुपारी मित्रांबरोबर जाऊ द्या, पुढे सुट्टीशिवाय ते भेटणार नाहीत.

आता जरा अवघड गोष्ट. त्याला जायचंय का? तुम्ही स्वतः तरुणपणी नौदलाच्या मेडिकलमध्ये बाद झालात, हे पत्रात ओझरतं आलंय. ती हळहळ मी समजू शकतो, पण ती मुलाच्या बॅगेत भरू नका. दाखल होताना पालकांना बाँड द्यावा लागतो. प्रशिक्षण स्वतःहून अर्धवट सोडलं तर सरकार खर्च वसूल करू शकतं. ते कागद तिघांनी बसून वाचा आणि त्याच बैठकीत त्याला विचारा. उत्तर नकाराचं आलं तर ते आत्ता आलेलं बरं. जेईईचा स्कोअर आहे, पोरगं हुशार आहे, त्याचं काही अडणार नाही. जायचंय म्हणाला तर विषय संपला, पुन्हा विचारू नका.

(इतर वाचकांसाठी एका ओळीत: बारावीला गणित-भौतिकशास्त्र असेल तर एनडीएची परीक्षा किंवा जेईईवरून ही बी.टेक. एन्ट्री, पदवीनंतर सीडीएसची परीक्षा आणि एनसीसीची एन्ट्री. पात्रता ज्या त्या जाहिरातीत बघा.)

धाकटीबद्दल. एनडीएचे दरवाजे मुलींना 2022 पासून उघडले आहेत, त्यामुळे वाट आहे. पण ती नववीत आहे आणि तिला काय हवंय हे तुम्ही लिहिलेलंच नाही. शाळेत एनसीसी असेल आणि तिला आवडत असेल तर जाऊ द्या, नसेल आवडत तर राहू द्या. दहावीनंतर तिला विचारावंसं वाटलं तर तिनेच पत्र लिहावं. तिच्याशी मी बोलेन, पण तेव्हा तुम्ही बाहेर बसायचं.